‘हवेशीर’ : सुखाच्या एका जुन्या कसोटीची चिकित्सा

१

मराठी भाषेत घराच्या गुणवर्णनासाठी जी विशेषणे पिढ्यानुपिढ्या वापरली गेली, त्यांत ‘हवेशीर’ या विशेषणाचे स्थान मानाचे आहे. ‘प्रशस्त’, ‘ऐसपैस’, ‘टुमदार’ ही विशेषणे घराच्या आकाराविषयी वा रूपाविषयी बोलतात. ‘हवेशीर’ हे विशेषण घराचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध सांगते. ‘कायदेशीर’ वर्तन म्हणजे कायद्याला धरून असलेले वर्तन, ‘फायदेशीर’ व्यवहार म्हणजे ज्यात फायदा आहे असा व्यवहार. त्याच धर्तीवर ‘हवेशीर’ घर म्हणजे ज्यात हवा आहे असे घर. परंतु प्रत्यक्ष वापरात हे ‘असणे’ म्हणजे ‘येणेजाणे’ होय. बंद कपाटातही हवा असतेच. त्याला कोणी हवेशीर म्हणत नाही. हवा एका बाजूने आत यावी, दुसऱ्या बाजूने बाहेर जावी आणि मधल्या माणसाला तिचा स्पर्श जाणवावा, एवढा सारा व्यवहार या एका शब्दात गृहीत आहे. ‘कोंदट’ आणि ‘कुबट’ हे त्याचे विरोधी शब्द पाहिले असता हेच स्पष्ट होते : कोंडलेल्या हवेची निंदा आणि वाहत्या हवेची प्रशंसा.

या प्रशंसेच्या मुळाशी आणखी एक गृहीत आहे, ते म्हणजे बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा चांगली असते हे. खिडकी उघडली की घर सुधारते, हा मराठी गृहजीवनातील इतका जुना विश्वास आहे की तो सिद्ध करण्याची गरज कोणाला कधी वाटली नाही. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात आज नेमके हेच गृहीत डळमळले आहे. हिवाळ्यातील अनेक दिवशी खिडकी उघडल्याने घरात वारा येतो आणि त्याबरोबर सूक्ष्म धूळही येते. खिडकी लावून घेतल्यास धूळ कमी होते, पण घर कोंदट होते. जुना शब्द ज्या दोन गुणांना एकत्र बांधत होता, ते दोन गुण परस्परांपासून फुटले आहेत. त्या फुटीचा अर्थ काय आणि तिच्यामुळे सुखकर राहणीची कल्पना कशी तपासावी लागते, याचा विचार येथे मुंबईच्या संदर्भात, आणि मुख्यतः शब्दांच्या वाटेने, करावयाचा आहे.

२

‘हवा’ हा शब्द मूळचा अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत आला व पूर्णपणे मराठी झाला. त्याचा अर्थविस्तार लक्षणीय आहे. श्वासाबरोबर आत जाते ती हवा. ‘आज हवा ढगाळ आहे’ असे म्हणताना अभिप्रेत असते तीही हवा. ‘कोकणची हवा दमट’ या वाक्यात प्रदेशाचा स्थायी स्वभाव हवा ठरतो. आणि एखाद्या गावचे ‘हवापाणी मानवले’ असे म्हणताना हवा ही प्रकृतीचे कारण होते. या अर्थांचा समान धागा असा की हवा ही ठिकाणाची असते. माणूस ठिकाण बदलू शकतो, हवा बदलू शकत नाही.

‘हवापालट’ या शब्दाची रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. शब्दशः पाहता हवा पालटणे असा त्याचा अर्थ व्हावयास हवा. पण हवापालटात हवा जिथल्या तिथे राहते, पालटतो तो माणसाचा मुक्काम. ज्याला परवडते तो महाबळेश्वरला जातो, पूर्वी क्षयाचा रोगी पाचगणीच्या वा मिरजेच्या आरोग्यधामात जात असे. वाईट हवेवरील उपाय म्हणजे तिथून निघून जाणे, आणि निघून जाण्यासाठी पदरी पैसा असणे, हा विचार भाषेने इतक्या सहजपणे स्वीकारला की त्यातील विषमता शब्दात दिसेनाशी झाली. आजच्या मुंबईत हवापालटाचे हे तत्त्व संपलेले नाही. त्याचे अंतर तेवढे कमी झाले आहे. पूर्वी त्यासाठी घाट चढावा लागे. आता खिडकी लावून यंत्राचे बटण दाबले की काम भागते असे मानले जाते.

मुंबईच्या हवेची प्रत्यक्ष घडण समजण्यास मात्र शालेय भूगोलातील दोन जुने शब्द अधिक उपयोगी पडतात : खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोरदार वारा आणि पाऊस शहराची हवा धुऊन काढतात. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि दिवसभराचा धूर व धूळ त्या झाकणाखाली कोंडली जाते. खारे वारे उशिरा व मंद सुटले की हे झाकण उठण्यासही उशीर होतो. म्हणजे हिवाळ्यात, ‘हवेशीर’ शब्दाच्याच परिभाषेत बोलायचे तर, आख्खे शहरच कोंदट होते. खोलीची खिडकी उघडता येते. शहराला खिडकी नसते.

या स्थितीला नाव देण्याच्या बाबतीतही भाषेची थोडी फसगत झाली आहे. हिवाळी सकाळी समोरच्या इमारती अंधूक दिसू लागल्या की बोलण्यात सर्रास ‘धुके पडले’ असे म्हटले जाते. धूर आणि धुके यांच्या संयोगातून बनवलेला ‘धुरके’ हा शब्द मराठीत उपलब्ध आहे. वृत्तपत्रांत तो दिसतो, तोंडी मात्र फारसा रुळलेला नाही. ‘धुके’ म्हटल्याने दोष ऋतूकडे जातो, ‘धुरके’ म्हटल्याने धूर कोणाचा हा प्रश्न उभा राहतो. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, ही समजूतही अशीच नव्याने तपासून घ्यावयास हवी. हिवाळ्यात ‘हवा खाण्यासाठी’ भल्या सकाळी बाहेर पडणारा माणूस पुष्कळदा दिवसातील अधिक मलिन हवा खाऊन परततो; ऊन चढून वारा सुटल्यानंतरची वेळ त्या मानाने बरी असते.

३

हवा आणि घर यांचा संबंध मुंबईत शासकीय विचाराचा विषय झाला तो प्लेगमुळे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतील कोंडलेली, कुजट हवा रोगाचे मूळ आहे, ही त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांची धारणा होती. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते वस्ती कापून काढताना समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात नेणे हाही एक उद्देश होता. वस्तुतः प्लेग हवेतून नव्हे तर उंदरांवरील पिसवांमुळे मुख्यतः पसरतो; पोल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने हे प्रतिपादन नेमके १८९८ मध्येच केले होते. तथापि, कारण चुकले म्हणून ट्रस्टने घालून दिलेले सर्वच नियम निरर्थक ठरत नाहीत. क्षयासारख्या, श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या दृष्टीने उजेड आणि वाहती हवा यांचे महत्त्व आजही मान्य आहे.

ट्रस्टचे एक प्रमुख अधिकारी जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर जे विवेचन केले, त्यात साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम मध्यवर्ती आहे. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून समोर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर चढणारी रेषा कल्पावी. समोरच्या इमारतीने त्या रेषेच्या आड येऊ नये. साध्या हिशेबाने याचा अर्थ असा की दोन इमारतींमधील अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मे असावे. हा नियम वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यात घराच्या सुखाचे माप घराच्या आत घेतलेले नाही. ते दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत घेतले आहे. एका घराला उजेड मिळावा म्हणून दुसऱ्या घराने आपली उंची आवरावी, अशी ही कल्पना आहे. ‘हवेशीर’ या शब्दात जे सूचित होते, ते येथे भूमितीत उतरले आहे.

ट्रस्टच्या कार्याची बाजू एवढ्यावरच संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. रस्ते काढताना ज्या गोरगरिबांची घरे पाडली गेली, त्यांतील पुष्कळांना परवडतील अशी नवी घरे मिळाली नाहीत आणि ते शेजारच्या गल्ल्यांत अधिक दाटीने राहू लागले. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतींत मध्यमवर्गाला हवेशीर घरे मिळाली. हवेची वाटणी प्रथमपासूनच सारखी झाली नाही. त्याचप्रमाणे चाळीच्या गॅलरीतील वाऱ्याचे जे हृद्य स्मरण मराठी लेखनात वारंवार येते, त्याच्याशेजारी शेगड्यांचा धूर, सामाईक संडासांची दुर्गंधी आणि एका खोलीत निजणारी आठ-दहा माणसे यांचेही स्मरण ठेवणे न्याय्य होईल.

४

आज हवेविषयी अधिकृत भाषा बोलली जाते ती आकड्यांची. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाने शून्य ते पाचशे या पट्टीवर हवेच्या सहा श्रेणी लावून दिल्या. अनेक प्रदूषकांची क्लिष्ट मोजमापे सामान्य नागरिकाला एका आकड्यात कळावीत, हा हेतू स्तुत्य आहे आणि त्याचा उपयोगही झाला आहे. परंतु या पट्टीची शब्दयोजना चिकित्सेस पात्र आहे.

प्रथम ‘गुणवत्ता’ हा शब्द. मराठी मनाला तो परिचित आहे तो गुणवत्ता यादीमुळे. तेथे आकडा जितका मोठा तितकी गुणवत्ता थोर. हवेच्या निर्देशांकात याच्या नेमके उलट आहे : आकडा वाढला की गुणवत्ता घसरते. ज्याला निर्देशांक म्हटले आहे तो वस्तुतः हवेच्या दोषाचा निर्देश करतो. ‘हवा दोषांक’ असे नाव असते, तर वाढत्या आकड्याचा अर्थ न शिकवताही कळला असता.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा मुद्दा श्रेणींच्या नावांचा. पन्नासपर्यंतची हवा ‘चांगली’, एकावन्न ते शंभर ‘समाधानकारक’, एकशे एक ते दोनशे ‘मध्यम’, आणि त्यानंतर ‘वाईट’, ‘अतिवाईट’ व ‘गंभीर’. अडीच मायक्रोमीटर वा त्याहून कमी व्यासाच्या सूक्ष्म कणांपुरते बोलायचे तर, चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ३१ ते ६० मायक्रोग्रॅम एवढे प्रमाण ‘समाधानकारक’ या श्रेणीत येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे या मर्यादेच्या चौपट कण असलेली हवाही ‘समाधानकारक’ ठरू शकते आणि दुपटीची हवा ‘चांगली’. देशाच्या परिस्थितीनुसार मानके वेगळी असू शकतात, हे मान्य करूनही प्रश्न उरतो : समाधान कोणाचे? मराठीत ‘समाधानकारक’ हा शब्द परीक्षकाचा आहे, श्वास घेणाऱ्याचा नव्हे. प्रगतिपुस्तकात तो ‘पुढे ढकलण्यास हरकत नाही’ अशा अर्थाने येतो. त्यापुढचा ‘मध्यम’ हा शब्द तर अधिकच निरुपद्रवी. मध्यम म्हणजे ना बरे ना वाईट. पण या श्रेणीतील हवेने दम्याच्या रोग्यांना, मुलांना व वृद्धांना श्वासाचा त्रास होऊ शकतो, असे त्याच पट्टीच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. शब्द एक सांगतो आणि टीप दुसरे सांगते, अशा वेळी लोक शब्दच लक्षात ठेवतात.

तिसरी गोष्ट अशी की, निर्देशांक शहराच्या एका केंद्राभोवतीची, चोवीस तासांची सरासरी सांगतो. श्वास मात्र सरासरीत घेतला जात नाही. चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस, पाव भाजणाऱ्या भट्टीपुढचा कामगार, उड्डाणपुलाच्या कठड्यालगत पहिल्या मजल्यावर राहणारे कुटुंब यांची हवा त्या आकड्यात विरघळून जाते. ‘हवेशीर’ हा शब्द मोजमापाच्या दृष्टीने ढोबळ होता. पण तो एका विशिष्ट घराविषयी, त्या घरात उभे राहून बोलत होता.

५

बाहेरची हवा आकड्यांच्या स्वाधीन झाली, तसतशी आतली हवा खासगी मालमत्ता होत गेली. घरविक्रीच्या जाहिरातींत ‘हवेशीर’ आजही भेटते. पण त्या घरांची प्रत्यक्ष रचना पुष्कळदा बंद काचांची आणि वातानुकूलनाची असते. येथे यंत्राची क्रिया नीट समजून घेतली पाहिजे. घरोघरी बसवलेले सामान्य वातानुकूलन यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते आणि तिची उष्णता, यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेसह, बाहेर टाकते. बंद खोलीत श्वासातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड साठत जातो. फोडणीचा धूर, उदबत्ती, डास पळवणारी कांडी यांचे कणही आतच राहतात. हवा गाळणारे यंत्र कण अडवते, पण साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड काढीत नाही. बंद घर हे स्वच्छ घर असतेच असे नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे एकाच्या खोलीतून काढलेली उष्णता दुसऱ्याच्या खिडकीशी जाते. इमारतीच्या मागील अरुंद बोळात दोन्ही बाजूंची यंत्रे गरम हवा सोडू लागली की तेथे खिडकी उघडी ठेवणाऱ्यालाही यंत्र घेण्यावाचून गत्यंतर राहात नाही. ज्याला ते परवडत नाही, तो सर्वांची उष्णता सोसतो. सुखाची ही पद्धत स्वतःच स्वतःची गरज वाढवीत नेते.

खिडकी लावण्याची सोय नसणे हे एक दुःख. खिडकी उघडून काहीच न मिळणे हे त्याहून मोठे. मानखुर्द-गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाऊंड व नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती सुमारे तीन मीटरांच्या अंतरावर उभ्या केल्या गेल्या. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने एकवीस मीटर उंचीच्या इमारतीसमोर निदान साडेदहा मीटर जागा हवी होती. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये पुढे आणलेल्या पाहणीत या वसाहतींत क्षयाचे प्रमाण, अधिक मोकळ्या रचनेच्या शेजारच्या वसाहतीच्या तुलनेत, कितीतरी जास्त आढळले आणि त्याचा संबंध उजेड व वायुवीजन यांच्या अभावाशी जोडला गेला. १९१२ मध्ये जी गोष्ट कोन आखून सांगितली गेली होती, ती शतकानंतर नियमांत सवलती देऊन विसरली गेली. याच परिसरातील देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारीत आग लागून धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हेही येथे आठवते. तेथील रहिवाशाला ‘खिडकी उघडा’ हा सल्ला जसा निरुपयोगी, तसाच ‘खिडकी लावून घ्या’ हाही.

पुनर्विकासाचा प्रश्न यामुळेच गुंतागुंतीचा होतो. बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळावे, यात न्याय आहे. त्याला विरोध करणे म्हणजे दुसऱ्याच्या गैरसोयीवर आपले स्मरणरंजन पोसणे होय. परंतु गल्लीगल्लीत एकाच वेळी इमारती पडत आणि चढत असता, एकाच्या भावी ऐसपैसपणाची किंमत शेजाऱ्याचे फुप्फुस आज चुकते करते. राडारोड्याने भरलेले उघडे ट्रक, कोरडी वाळू, चाकांनी रस्त्यावर पसरणारी माती ही त्याची साधने. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि महानगरपालिकेने बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंचीचे पत्रे, पाण्याचे फवारे, झाकलेल्या गाड्या अशी बंधने घातली. या उपायांचे तत्त्व जुन्या नियमाच्या तत्त्वाशी जुळते : माझ्या सुखाची हद्द शेजाऱ्याच्या हवेपाशी संपते. मात्र साडेत्रेसष्ट अंशांचा कोन इमारत उभी असेतो टिकत असे. फवारा तपासनीस पाठ फिरवीपर्यंतच चालण्याचा धोका असतो.

६

वरील विवेचनावरून ‘हवेशीर’ हा शब्द कालबाह्य झाला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याचे एक गृहीत, बाहेरची हवा चांगलीच असते हे, आज टिकत नाही. पण त्याने सुखाची जी कसोटी लावली, ती टिकते. राहण्याचे सुख घराच्या चार भिंतींच्या आत पुरे होत नाही, ते आतबाहेरच्या देवघेवीवर अवलंबून असते, हे त्या शब्दाला ठाऊक होते. ‘वातानुकूलित’ या शब्दाला ते ठाऊक नाही. या शब्दात वात अनुकूल केला आहे खरा. पण तो एका खोलीपुरता अनुकूल झाला असून गल्लीला प्रतिकूल झाला आहे, हे तो सांगत नाही.

म्हणून दाट वस्तीच्या शहरात सुखकर राहणी कशाला म्हणावे, याचा निर्णय खोलीतील तापमानावर किंवा चटईक्षेत्रावर सोडता येणार नाही. एखादे घर, एखादी इमारत, एखादी पुनर्विकास योजना सुखकर आहे की नाही हे पाहताना प्रश्न असा विचारला पाहिजे : हिच्यामुळे शेजारची खिडकी वर्षातील अधिक दिवस उघडी ठेवता येईल, की कमी दिवस? इमारतींमधील अंतर, बांधकामाची धूळ, भट्टीचे इंधन, रस्त्यावरील मोटारींची संख्या, यंत्रांनी बाहेर टाकलेली उष्णता, या साऱ्या एरवी वेगवेगळ्या खात्यांत विभागलेल्या गोष्टी या एका प्रश्नाखाली एकत्र येतात. बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत दिला. तेव्हा त्याचा खर्च छोट्या भट्टीवाल्याने एकट्याने सोसावा की पाव खाणाऱ्या शहराने वाटून घ्यावा, हाही याच प्रश्नाचा भाग होता.

भाषा हवा शुद्ध करू शकत नाही. परंतु धुरक्याला धुके म्हणणे, चौपट कणांच्या हवेला समाधानकारक म्हणणे आणि बंद काचेच्या घराला हवेशीर म्हणणे, या तीन सवयी सुटल्या तर अशुद्ध हवेला सुखाचे नाव मिळणे तरी थांबेल. ज्या समाजाने घराचे मोठेपण त्यातून वाहणाऱ्या वाऱ्यावरून ठरवले, त्याने तोच वारा शेजाऱ्याच्या घरापर्यंत कसा पोहोचतो हे पाहणे, ही त्या जुन्या शब्दाचीच पुढची पायरी होय.